गॅस संपत नाही, गळतो

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मावशीचा पाडवा झाला की ठरलेला फोन येतो. ‘अगं, एसी गार करत नाहीये. मेकॅनिकला बोलावलंय. गॅस संपला असेल.’ सलग तीन वर्षं हेच झालं. पहिल्या वर्षी अठ्ठावीसशे रुपये, दुसऱ्या वर्षी तीन हजार, तिसऱ्या वर्षी साडेतीन. मेकॅनिक यायचा, बाहेरच्या युनिटला गेज लावायचा, सिलिंडर जोडायचा आणि वीस मिनिटांत चहा घेऊन जायचा. एसी दणकून गार व्हायचा. पुढच्या चैत्रात पुन्हा पहिले पाढे.

मावशीला दमा आहे. खिडकी उघडी ठेवावी तर खालच्या रस्त्याचा धुरळा, बंद ठेवावी तर एप्रिल-मेचा उकाडा. त्यामुळे तिच्या घरात एसी ही चैन राहिलेली नाही. चौथ्या वर्षी गार हवा तर नव्हतीच, शिवाय एसी लावला की ओल्या पोत्यासारखा वास येऊन तिची ढास सुरू व्हायची. तेव्हा ओळखीतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांना बोलावलं. त्या दिवशी मी मुद्दाम तिथे जाऊन बसले. काकांनी पहिल्या तासाभरात गेजला हातसुद्धा लावला नाही.

त्यांनी काय केलं ते सांगते. पण त्याआधी ‘गॅस संपला’ या वाक्याकडे बघू. आपल्या मनात स्वयंपाकाचा सिलिंडर असतो, रिक्षाचा सीएनजी असतो. तो वापरला की संपतो. एसीतला गॅस मात्र इंधन नाही, तो जळत नाही की झिजत नाही. माठाशी तुलना केली तर नेमकं कळतं. माठातलं पाणी बाहेरच्या पृष्ठभागावर झिरपतं, वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. एसीच्या आतल्या कॉइलमध्येही हेच घडतं. नळीतला द्रव तिथे उकळून वाफ होतो आणि खोलीतली उष्णता शोषतो. फरक एवढाच की माठातली वाफ हवेत जाते आणि आपल्याला रोज पाणी भरावं लागतं, तर एसी आपली वाफ सोडत नाही. कॉम्प्रेसर ती खेचतो, दाबतो, बाहेरच्या कॉइलकडे ढकलतो. तिथे ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होते आणि परत आत येते. तांब्याच्या बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो.

पटत नसेल तर स्वयंपाकघरातला फ्रिज बघा. त्यातही असंच चक्र आहे आणि ते दिवसरात्र चालतं. तरी फ्रिजमध्ये दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणारं घर मी अजून पाहिलेलं नाही. फ्रिजच्या सगळ्या नळ्या कारखान्यात वेल्डिंगने सीलबंद होतात. स्प्लिट एसी आपल्या घरी येतो तो दोन तुकड्यांत, आणि ते जोडायचं काम होतं खिडकीबाहेर, उन्हात, बहुधा घाईत. आत दोन आणि बाहेर दोन असे निदान चार सांधे पान्याने आवळलेले असतात. नळीचं तोंड तुतारीसारखं पसरवून त्यावर नट बसवतात, त्याला फ्लेअर म्हणतात. तो वाकडा झाला, कमी आवळला किंवा जास्त आवळून चिरला, की गळती सुरू. कधी कॉइललाच सूक्ष्म छिद्रं पडतात. किनाऱ्यावरची खारी हवा आणि उघड्या नाल्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड या दोन्ही गोष्टी धातूच्या वैरी आहेत. घरातल्या काही रसायनांच्या वाफांमुळेही तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखे आडवेतिडवे बोगदे पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणजे गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गेला आहे. ती जागा न शोधता पुन्हा भरणं म्हणजे रक्तस्राव कुठे होतोय ते न बघता रुग्णाला रक्त चढवत राहणं.

आणि मुळात तो कमी झालाच आहे का? काकांचा पहिला तास याच प्रश्नात गेला. आधी त्यांनी मावशीला विचारलं, ‘ताई, एकदम बंद झालं की हळूहळू?’ मग रिमोट हातात घेतला. रिमोट चुकून ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’वर गेलेला असतो आणि लोक मेकॅनिकला बोलावतात, असं म्हणत त्यांनी तो ‘कूल’वर आहे ना ते बघितलं आणि तापमान १८ अंशांवर आणलं. इन्व्हर्टर एसी खोली गार होत आली की आपोआप मंदावतो. म्हणून तपासताना आकडा मुद्दाम खाली न्यायचा. पंधरा मिनिटांनी खिशातून साधा डिजिटल थर्मामीटर काढला. एसीच्या वरच्या जाळीपाशी, जिथून खोलीतली हवा आत जाते, तिथे २९ अंश. खालच्या झडपेपाशी, जिथून हवा बाहेर येते, तिथे २४. फरक पाच.

धडधाकट एसीत हा फरक साधारण आठ ते बारा अंशांचा असतो. दमट हवेत तो जरा कमी येतो, कारण एसीची बरीच ताकद हवेतल्या बाष्पाचं पाणी करण्यात खर्च होते. पाच मात्र फारच कमी. हे माप घरी कुणालाही घेता येतं, आणि मेकॅनिकच्या कामाआधी व नंतर ते घेतलं तर वादाला जागा उरत नाही.

मग काकांनी पुढची पट्टी उघडून जाळ्या काढल्या. त्यांवर धुळीची गोधडी होती. जाळ्यांमागची कॉइल तर त्याहून वाईट. बारीक ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये काळपट, ओलसर थर बसलेला. वासाचा उगम तोच. कॉइल चालू असताना ओली असते, तिथे अंधार असतो आणि आपल्या त्वचेचे कण, कापसाचे धागे असं खाद्य रोज येऊन पडतं. बुरशीला आणखी काय हवं? घरातली ओल आणि बुरशी यांचा दमा व श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. मावशीची ढास केवळ या थरामुळेच होती असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण दमा असलेल्या माणसाच्या उशापासून सहा फुटांवर असली हवा फेकणारं यंत्र असू नये, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. एसीची गोष्ट निघाली की ‘लिजिओनेला’ या जिवाणूचं नाव निघतं. १९७६मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ आली, त्यातून हा जिवाणू सापडला. तो पसरतो मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरमधून, कोमट पाण्याच्या तुषारांवाटे. आपल्या घरातला स्प्लिट एसी असे तुषार उडवत नाही, त्यामुळे ती भीती इथे नको. दुसरा गैरसमज उलट्या बाजूचा. एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो, असं अनेकांना वाटतं. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो. दारंखिडक्या बंद करून चार माणसं झोपली की सकाळी डोकं जड होतं, त्यात एसीच्या गॅसचा काही दोष नसतो.

काकांनी जाळ्या नळाखाली धुतल्या, सावलीत वाळत टाकल्या. कॉइलखाली प्लॅस्टिकची झोळी बांधून पाण्याच्या पंपाने ती पत्र्यांच्या दिशेने, उभी, धुतली. झोळीत उतरलेलं पाणी गटारासारखं काळं होतं. मावशीने ते बघून पदराने नाक झाकलं. आम्ल असलेलं ‘केमिकल’ त्यांनी वापरलं नाही. त्याने कॉइल क्षणात चकचकते, पण पत्रा खाल्ला जातो. पाणी वाहून नेणारी नळीही फुंकून मोकळी केली. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला एक-दोन लिटर पाणी सहज काढतो. नळीत शेवाळ साठलं, तिला उलटा उतार असला किंवा तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं राहिलं, की ते पाणी मागे फिरून भिंतीवरून ओघळतं. एसीतून पाणी टपकण्याच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. त्यासाठी गॅस भरण्याची गरज नसते.

बाहेरचं युनिट खिडकीच्या जाळीच्या पिंजऱ्यात कोंबलेलं होतं. मुंबईत हे सर्रास दिसतं. दीड टनाचा एसी आतून जेवढी उष्णता ओढतो, त्यात कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज मिळवली तर साधारण साडेसहा किलोवॉट उष्णता त्याला बाहेर फेकायची असते. म्हणजे सहा-सात इस्त्र्या एकदम तापवल्यासारखं. ती जायला मोकळी हवा हवी. मावशीच्या युनिटमागे कबुतरांनी संसार थाटला होता. वाळलेली विष्ठा झाडूने खरवडू नका. तिची धूळ फुप्फुसाला घातक ठरू शकते, दमेकऱ्याला तर जास्तच. काकांनी ती आधी पाण्याने भिजवली, तोंडाला मास्क लावला, मगच काढली. मास्क त्यांच्या पिशवीतलाच होता.

पुन्हा थर्मामीटर. २९ आणि २२. सात. सुधारणा झाली, पण पुरेशी नाही. बऱ्याच घरी गोष्ट इथेच संपते. फक्त धुतल्याने एसी ठणठणीत होतो आणि ज्याला ‘गॅस संपला’ म्हणत होते ती नुसती धूळ निघते. जाळी तुंबली की वीजही जास्त जाते. मळलेली जाळी बदलली तर एसीचा वीजवापर ५ ते १५ टक्के घटू शकतो, असा अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा अंदाज आहे. मोसमात दर पंधरा दिवसांनी जाळी धुणं याला कारागीर लागत नाही, एक स्टूल लागतं.

दुसरी नेहमीची फसगत कपॅसिटरची. जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत बाहेरचा पंखा फिरतो, कॉम्प्रेसर ‘घूं’ करून थांबतो आणि आत साधी हवा येते. दोष बहुधा काही शे रुपयांच्या कपॅसिटरचा असतो. पण घरातल्या माणसाला फक्त ‘गार होत नाही’ एवढंच कळतं आणि बिल गॅसचं फाडलं जातं. स्क्रू काढून स्वतः हात घालायचा मोह मात्र टाळा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठलेला राहतो, आणि इन्व्हर्टर एसीच्या पट्टीवर तर काही मिनिटं तीनशे व्होल्टच्या घरात दाब असू शकतो.

मावशीच्या एसीत खरा आजार अजून बाकी होता. काकांनी मला बाहेरच्या युनिटच्या दोन नळ्या दाखवल्या, एक बारीक, एक जाड. बारीक नळीवर पांढरं दव गोठलेलं आणि जाड नळी जवळपास कोमट. गॅस कमी झाल्याची ही खूण. द्रव थोडाच उरला की तो कमी दाबावर, नको इतका थंड होऊन सुरुवातीलाच उकळून जातो. तिथे बर्फ धरतो आणि पुढची कॉइल कोरडी, उबदार राहते. हवा अडल्यामुळे जो बर्फ होतो तो वेगळा. तो अख्ख्या कॉइलवर धरतो आणि जाड नळीपर्यंत सरकत येतो. बर्फ दोन्हीकडे दिसतो, उपचार मात्र पूर्ण वेगळे. पहिल्यात गळती शोधायची, दुसऱ्यात जाळी धुवायची. घरी बर्फ दिसला तर चाकूने खरवडू नका. एसी बंद करून फक्त पंखा चालू ठेवा, वितळू द्या.

साबणाचं पाणी ब्रशने सांध्यांवर लावल्यावर तिसऱ्या नटवर फेस आला. एक लहानसा बुडबुडा, फुगत आणि फुटत. तीन वर्षांचे नऊ हजार तीनशे रुपये त्या बुडबुड्यातून गेले होते.

पुढचे अडीच तास बघण्यासारखे होते. उरलेला गॅस काकांनी हवेत सोडला नाही, लहान यंत्राने रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला. असं यंत्र फार थोड्यांकडे असतं. ‘पंप-डाऊन’ म्हणजे कॉम्प्रेसर चालवून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडणं हा सोपा मार्ग होता, पण सांधा गळका असेल तर कॉम्प्रेसर तिथून हवा आत ओढतो. हवा आणि तेल एकत्र दाबलं गेलं की डिझेल इंजिनात होतं तेच होतं आणि कॉम्प्रेसर फुटतो. मग नळीचं चिरलेलं टोक कापून नवा फ्लेअर केला आणि नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून तासभर काटा हलतो का ते बघितलं. नायट्रोजनच का? कारण तो जळायला मदत करत नाही. गॅस वेल्डिंगसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर सोबत असतोच, म्हणून काही जण तोच नळ्यांत सोडतात. आत तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल भेटले की स्फोट होतो, आणि त्या वेळी सगळ्यात जवळ मेकॅनिकच असतो. तुमच्या घरी कुणी गळती तपासायला ऑक्सिजन जोडताना दिसला तर काम तिथेच थांबवा. भीड बाळगू नका.

त्यानंतर व्हॅक्यूम पंप. याचा आवाज घुमत राहतो आणि घडत काहीच नाही असं वाटतं, म्हणून घाईतले लोक हीच पायरी गाळतात. नळीत शिरलेली हवा काढायची असतेच, शिवाय ओलावाही. हवेचा दाब तिसाव्या हिश्शापर्यंत उतरला की पाणी २५ अंशांना उकळतं. पंप त्याच्याही कितीतरी खाली जातो, त्यामुळे नळीच्या कोपऱ्यातला थेंबही वाफ होऊन निघून जातो. तो राहिला तर तेलाशी संयोग होऊन आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरच्या वळ्यांवरचं आवरण हळूहळू खातं. दोन वर्षांनी कॉम्प्रेसर जळतो, तेव्हा व्हॅक्यूम न केल्याची आठवण कुणालाच नसते.

शेवटी गॅस. अंदाजाने नाही, गेजवर नजर ठेवूनही नाही. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, युनिटच्या लेबलवर छापलेले ग्रॅम मोजून. मावशीच्या एसीत आर-३२ होता. बाजारात जुन्या एसींचा आर-२२, मधल्या काळातला आर-४१०ए, सध्याचा आर-३२ आणि काही एसींत प्रोपेन म्हणजे आर-२९० असे प्रकार आहेत. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर-४१०ए आणि आर-३२ यांचा दाब आर-२२च्या दीडपटीहून जास्त असतो. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, प्रोपेन तर सरळ जळणारा. गॅस शिल्लक असताना नळीवर ज्योत धरली तर आगीचा धोका वेगळाच, वर आर-२२ किंवा आर-३२ तापून विषारी वायू होतात. हे गॅस हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साठतात. म्हणून असं काम चालू असताना खिडक्या उघड्या हव्यात आणि दमेकरी माणूस दुसऱ्या खोलीत हवा. काकांनी मावशीला आधीच शेजाऱ्यांकडे पाठवलं होतं.

गळलेल्या गॅसचं पुढे काय होतं तेही सांगायला हवं. आर-२२ ओझोनला मारक, म्हणून १९८७च्या माँट्रियल कराराखाली तो हद्दपार होत आहे. आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्याच्या बाबतीत एक किलो आर-३२ हा शंभर वर्षांच्या हिशोबाने ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. आर-४१०ए तर दोन हजारपटींहून पुढे. आठशे ग्रॅम आर-३२ गळला तर सुमारे साडेपाचशे किलो. एवढा कार्बन डायऑक्साइड व्हायला जवळपास २३५ लिटर पेट्रोल जाळावं लागेल. तेवढ्यात मध्यम गाडी मुंबईहून दिल्लीला जाऊन परत येईल आणि वर टाकीत बरंच उरेल. एका नटच्या फटीसाठी हे फार झालं.

दोष एकट्या मेकॅनिकवर टाकणं सोपं आहे. मला ते पटत नाही. एप्रिलमध्ये एका माणसाच्या डोक्यावर दिवसाला आठ-दहा घरं असतात. अडीच तासांच्या कामाचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो आणि वीस मिनिटांच्या ‘गॅस भरण्याचे’ निमूट देतो, कारण सिलिंडर डोळ्यांना दिसतो, पंपाची घरघर मोजता येत नाही. २०१९च्या भारताच्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. आयटीआयमध्ये या कामाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तरी अनेक मुलं हेल्पर म्हणून येतात आणि बघून बघून शिकतात, त्यात चुकाही शिकतात. आठव्या मजल्याच्या छज्ज्यावर कमरेला दोर न बांधता उतरणं ही त्यातलीच एक. मावशीच्या शेजाऱ्यांनी काकांना जाता जाता त्यांचंही युनिट बघायला सांगितलं. ते खिडकीबाहेरच्या बारीक कट्ट्यावर होतं. काका म्हणाले, ‘आज दोर आणलेला नाही. उद्या येतो.’ शेजाऱ्यांना ते फारसं आवडलं नाही.

मावशीचं बिल झालं पाच हजार दोनशे. शेवटचं माप २८ आणि १७. काकांनी एका कागदावर तारीख, भरलेले ग्रॅम, कुठला सांधा दुरुस्त केला आणि ते दोन आकडे लिहून दिले. मावशीने तो कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवला. या वर्षी पाडव्यानंतर तिचा फोन आलाच. ‘अगं, थर्मामीटर लावून बघितला. दहाचा फरक आहे. जाळ्या धुवून बघू का आधी?’